इंजिन थंड असताना बघा, लिफ्ट गरम झाल्यावर

प्रश्न : मी भांडुपला राहतो, नोकरी पवईला. गाव माणगाव तालुक्यात. साडेचार एकर जमीन, त्यात अडीच एकर भाताची खाचरं, बाकी वरकस (उताराची, हलकी जमीन) आणि थोडी आंब्याची कलमं. शेत अण्णा (वडील, वय ६८) बघतात. गेली दोन वर्षं भाड्याचा ट्रॅक्टर चिखलणीला वेळेवर आला नाही. यंदा तर आवण (भाताचं रोप) पस्तीस दिवसांचं होऊन गेलं. आमच्याकडे रोटाव्हेटरसह (फिरत्या पात्यांनी माती फोडणारं अवजार) तासाला हजार रुपये घेतात. म्हणून साधा, जुना ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलं आहे. चुलतभाऊ चालवेल. बजेट तीन लाख. दोन बघितले आहेत. पहिला पनवेलजवळच्या एका यार्डात : ४५ एचपी, २०१३चा, एमएच-१० पासिंग, नवा रंग, चकचकीत, किंमत २ लाख ६० हजार. दुसरा गावापासून आठ किलोमीटरवर एका शेतकऱ्याचा : ३० एचपी, तीन सिलिंडर, २०१६चा, एमएच-०६, रंग उडालेला, खाली ऑइल ठिबकतं, तरी तो २ लाख ९० हजार सांगतो. यार्डवाला रोज व्हिडिओ पाठवतो आणि रविवारपर्यंत वीस हजार टोकन मागतो. कुठला घ्यावा? – एक वाचक, भांडुप

उत्तर : टोकन देऊ नका. रविवारपर्यंतही नको आणि पुढच्या रविवारपर्यंतही नको. व्हिडिओवरून ट्रॅक्टरचा फक्त रंग कळतो. दोन्ही ट्रॅक्टर एकदा थंड असताना सुरू करून आणि एकदा तासभर काम करवून बघितल्याशिवाय एक रुपयाही हातातून जाऊ नये. तूर्त आमचा कल दुसऱ्याकडे, रंग उडालेल्याकडे आहे. त्याची कारणं पुढे येतील. तोही तपासणीत नापास होऊ शकतो, हे मात्र धरून चला.

आधी हिशेब, कारण तो तुमच्या पत्रात नाही. अडीच एकर खाचरांत रोटाव्हेटरचे दोन हात (दोन फेऱ्या) म्हणजे एकरी साधारण तीन तास धरले तर सात-आठ तास. उन्हाळी नांगरट, वरकसातली कामं, शेणखत नेणं-आणणं धरून वर्षाला पंचवीस-तीस तास. तुमच्याच दराने हे भाडं तीस हजारांच्या आत बसतं. तीन लाखांचा ट्रॅक्टर, त्याचा विमा, ऑइल, बॅटरी, टायर हे या तीस हजारांतून सुटत नाही. चुलतभाऊ शेजारच्या वाडीत शंभरेक तास भाड्याने मारणार असेल तर गणित जमतं. तो नाही म्हणाला तर तुम्ही वेळेवर लावणी होण्याची किंमत मोजताय असं समजा. ती किंमतही खरी आहे. भाताचं रोप साधारण एकवीस ते पंचवीस दिवसांचं असताना लावावं, पस्तीस दिवसांचं आवण लावलं की फुटवे कमी येतात आणि उत्पन्न तिथेच घटतं. तेव्हा घेणं चूक नाही. फक्त 'भाडं वाचतं' या समजुतीवर घेऊ नका.

आता अण्णांना एक काम सांगा. सगळ्यात लहान खाचराची लांबी-रुंदी आणि खाचरापर्यंतच्या वाटेची सगळ्यात अरुंद जागा टेपने मोजायची. वाट सहा फुटांहून अरुंद असेल, किंवा खाचरं उतरत्या पायऱ्यांची आणि दोन-तीन गुंठ्यांची असतील, तर तुमचं यंत्र पॉवर टिलर किंवा १५ ते २५ एचपीचा मिनी ट्रॅक्टर. मिनीचं वजन साडेसहाशे ते नऊशे किलोच्या आसपास असतं, बांधावरून उतरताना बांध फोडत नाही. तीस एचपीचा साधा ट्रॅक्टर पावणेदोन टनांच्या घरात जातो आणि पंचेचाळीस एचपीचा दोन टनांच्या आसपास. लाल मातीच्या खाचरात दोन टन उतरवले की दरवर्षी तळ खोल जात राहतो आणि एक दिवस ट्रॅक्टर एक्सलवर बसतो. तो काढायला दुसरा ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि तो तर तुम्हाला वेळेवर मिळतच नाही. पाच-सहा गुंठ्यांपासून पुढची सपाट खाचरं आणि आठ फुटांची वाट असेल तर ३० ते ३५ एचपी पुरेसा आहे. त्याला साडेचार फुटी रोटाव्हेटर बिनघोर चालतो. पाच फुटी लावला तर चिखलात चालेल, पण कोरड्या वरकसात इंजिन दमेल. अडीच एकर भातासाठी पंचेचाळीस एचपी म्हणजे डिझेल आणि वजन दोन्ही उगाच वाहणं.

मॉडेल कुठलं, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण ते मनात असणारच. महिंद्राचा २६५, स्वराजचा ७३५, मॅसीचा १०३५ या वर्गातले साधे ट्रॅक्टर गावोगाव आहेत. त्यांचा पंप-नोझल, क्लच प्लेट, लिफ्टची (मागचं अवजार उचलणाऱ्या यंत्रणेची) सीलं तालुक्याच्या ठिकाणी मिळतात. तुमच्या मेस्त्रीने जो आतापर्यंत दहा वेळा खोलला आहे तो तुमच्यासाठी चांगला. ब्रोशरमध्ये कितीही सरस असला आणि त्याच्या एका सीलसाठी पुण्याला फोन करावा लागत असला, तर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तो कामाचा नाही. म्हणून शोरूमपेक्षा आधी माणगावातल्या मेस्त्रीकडे जा आणि सरळ विचारा, 'तुम्ही कुठला डोळे मिटून खोलता?' एचएमटीचे जुने ट्रॅक्टर काही जण स्वस्तात दाखवतील. यंत्र दणकट होतं, पण कंपनीने २०१६ मध्ये ट्रॅक्टर बनवणं बंद केलं. पार्ट शोधत फिरायला मुंबईत राहणाऱ्या माणसाकडे वेळ नसतो.

पहिल्या ट्रॅक्टरबद्दल. एमएच-१० म्हणजे सांगलीचं पासिंग. त्या पट्ट्यातला पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर बऱ्याचदा उसाच्या फडातून कारखान्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढत असतो. हा तसाच असेल असं नाही, पण तसा होता हे गृहीत धरूनच तपासा. ट्रॉलीच्या ओढीने शेतकामापेक्षा वेगळीच झीज होते. क्लच प्लेट, ब्रेक, मागच्या एक्सलची बेअरिंग, पुढच्या एक्सलची मधली पिन आणि बुश, आणि सगळ्यात आधी मागचा हुक. हुकाचं भोक बघा. गोल असेल तर ठीक. मागच्या बाजूला अंड्यासारखं लांबट झालं असेल, किंवा त्यावर वेल्डिंगची भर घातलेली असेल, तर तासांचा मीटर काही का दाखवेना, तो ओझं ओढून आलेला आहे. मग क्लच हाउसिंग आणि मागच्या हाउसिंगच्या जोडावर बोट फिरवा. तिथे तडा किंवा वेल्डिंग सापडलं तर विषय संपला, पुढे तपासू नका. पनवेल-कल्याण पट्ट्यात पाण्याचा टँकर, वीटभट्टी, मुरूम यावर फिरलेले ट्रॅक्टरही रंगवून उभे असतात. त्यांनाही हीच कसोटी.

नवा रंग म्हणजे फसवणूकच, असं आम्ही म्हणत नाही. पण रंग कुठे गेलाय ते बघा. रबरी पाइपांवर, फॅन बेल्टवर, ग्रीस निपलवर, ऑइल सीलच्या कडेला रंगाचे शिंतोडे असतील तर गळती पुसून वरून फवारा मारलाय. रंग न दिलेल्या ट्रॅक्टरचा एक मोठा फायदा असतो. तो कुठून गळतो ते उघड दिसतं. म्हणूनच दुसऱ्या ट्रॅक्टरचं ठिबकणं आम्हाला रंगापेक्षा बरं वाटतं. त्याच्याकडे पुढे येऊ.

तपासणीचं मर्म शीर्षकात आहे. इंजिन थंड असताना खरं बोलतं आणि लिफ्ट ऑइल तापल्यावर. विकणारा बहुतेक वेळा नेमकं उलटं दाखवतो. तुम्ही पोचेपर्यंत इंजिन गरम करून ठेवतो, आणि लिफ्ट दोन मिनिटांत, ऑइल घट्ट असतानाच वर-खाली करून दाखवतो. हा क्रम उलटवणं एवढंच तुमचं काम.

त्यासाठी शनिवारी सकाळी निघून चालणार नाही. शुक्रवारी रात्रीच गाव गाठा, शनिवारी सात वाजता शेतकऱ्याच्या अंगणात उभे राहा. आदल्या दिवशी फोनवर सांगा, 'आम्ही येईपर्यंत चालू करू नका.' पोचल्यावर पहिलं काम, सायलेन्सरच्या मुळाशी आणि इंजिन ब्लॉकवर हात ठेवा. कोमट लागला तर चहा प्या, गप्पा मारा, दोन-तीन तासांनी परत या. यार्डातही हाच नियम.

थंड असताना डिपस्टिक काढा. ऑइल काळं असणं डिझेल इंजिनात नेहमीचं आहे. दुधाळ, फेसाळ, चहाच्या रंगाचं असेल तर पाणी शिरलंय. रेडिएटरचं झाकण उघडा. वर तेलाचा तवंग असेल, तर हेड गॅस्केट गेलंय किंवा हेडला तडा आहे. पाणी नुसतं गंजाच्या रंगाचं असेल तर साधंच पाणी ओतत राहिलेत. रेडिएटर साफ करावा लागेल, पण तो सौदा मोडण्याचा मुद्दा नाही. एअर क्लीनर ऑइल बाथचा असेल तर खालची वाटी सोडवून बघा. त्यात दोन बोटं चिखल साचलेला असला की मालकाने ट्रॅक्टर कसा सांभाळला ते कळतं. धूळ गाळली गेली नाही तर ती थेट लायनर-रिंगा (सिलिंडरचं अस्तर आणि पिस्टनच्या कड्या) खाते.

मग सेल्फ मारायला सांगा. निरोगी इंजिन तीन-चार सेकंदांत पकडतं. धक्का मारून किंवा उतारावर लावून सुरू करत असतील तर निदान बॅटरी-सेल्फचं काम आहे, आणि वाईटात वाईट म्हणजे कॉम्प्रेशन उतरलंय. धूर नीट बघा. पहिल्या मिनिटाचा पांढरट धूर चालतो. तो इंजिन तापल्यावरही राहिला तर नोझल नाहीतर पाणी. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर ओझ्याखाली थोडा येतो, पण रिकामा उभा असताना येऊ नये.

यानंतरची कसोटी कुठल्याही मेस्त्रीला माहीत असते, घेणाऱ्याला सहसा नसते. इंजिन मंद चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा आणि ते उलटं करून त्याच तोंडावर नुसतं टेकवा. चांगल्या इंजिनावर झाकण थरथरतं आणि जागेवर राहतं. लायनर-रिंगा झिजल्या असतील तर खालून फुंकर येते, झाकण नाचतं, बाजूला सरकतं, कधी उडून पडतं. तोंडातून धूर भकाभका येत असेल तर जळलेला वायू पिस्टनच्या कडेने खाली उतरतोय. मग लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग हे सगळं आलं. त्याचा अंदाज तुमच्याच मेस्त्रीकडून लिहून घ्या. आम्ही तरी पाऊण लाख बाजूला ठेवूनच बोलणी करू.

तास दाखवणाऱ्या मीटरवर फार भिस्त ठेवू नका. केबल तुटलेली असते किंवा मीटर बदललेला असतो. क्लच-ब्रेकच्या पेडलवरचं रबर, सीटखालचा पत्रा, गिअर लिव्हरची मूठ आणि पीटीओच्या (मागचं अवजार फिरवणाऱ्या) शाफ्टवरचे दाते खोटं बोलत नाहीत. दाते वरून धारदार, सुरीसारखे झाले असतील तर त्या ट्रॅक्टरने रोटाव्हेटर किंवा थ्रेशर भरपूर फिरवलाय.

आता कामाला लावा. मालकाचा रोटाव्हेटर जोडून शेतात तासभर. शेत कोरडं असेल तरी चालेल, फक्त खोली कमी ठेवा. डिझेल तुम्ही भरा. तीस एचपीचा ट्रॅक्टर रोटाव्हेटरवर तासाला साधारण तीन-चार लिटर पितो, तेवढा खर्च कबूल करा. मालक नाही म्हणाला तर तुम्हीही नाही म्हणा. या तासात ओझ्याखाली प्रत्येक गिअर टाकून बघा, लो आणि हाय दोन्हीत. एखादा गिअर आपोआप न्यूट्रलला उडी मारत असेल तर गिअरबॉक्स खोलावा लागेल. उष्णतेचा काटा कुठे स्थिरावतो आणि इंजिन मंद केल्यावर ऑइल प्रेशरचा दिवा लुकलुकतो का, हे बघा. गरम असताना, मंद गतीवर लुकलुकला तर बेअरिंग किंवा ऑइल पंप.

तासाभराने ऑइल तापलं की लिफ्ट. रोटाव्हेटर पूर्ण वर घ्या आणि इंजिन बंद करा. लोअर लिंकच्या (अवजार धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या) टोकापासून जमिनीपर्यंत टेप धरून आकडा खडूने मडगार्डवर लिहा. दहा मिनिटं थांबा, पुन्हा मोजा. दोन-चार बोटं उतरला तर वयाच्या मानाने ठीक. अर्ध्या मिनिटात जमिनीला टेकला तर पिस्टनची सील, सिलिंडर नाहीतर कंट्रोल व्हॉल्व्ह. पुन्हा इंजिन सुरू करून वर घ्या आणि लिव्हरला हात न लावता उभे राहा. लिफ्ट दर काही सेकंदांनी उचकी लागल्यासारखी हलत असेल तर आत गळती आहे आणि पंप ती भरून काढतोय. थंड ऑइलात ही उचकी दिसत नाही. हे चालू असताना उचललेल्या रोटाव्हेटरखाली कोणीही हात-पाय घालायचा नाही, वाकूनही बघायचं नाही.

लिफ्टचं ऑइलही डिपस्टिकवर बघा. पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअर आणि लिफ्टचं ऑइल एकच असतं. भातपट्ट्यातल्या ट्रॅक्टरात ते दुधाळ निघणं फार आढळतं, कारण चिखलणीत पाणी सीलमधून आत शिरतं. नुसतं ऑइल बदलून भागलं तर नशीब. पाणी वर्षभर आत राहिलं असेल तर बेअरिंग आणि व्हॉल्व्हवर गंज आलेला असतो.

क्लचची परीक्षा एकदाच घ्या, पुन्हा पुन्हा नको, त्यानेच प्लेट जळते. सपाट मोकळी जागा, पुढे-मागे कोणी नाही, दोन्ही ब्रेक पेडल खिटीने जोडून दाबून धरलेले, वरचा गिअर, थोडा अ‍ॅक्सिलेटर. क्लच हळूहळू सोडा. इंजिन गुरगुरून बंद पडलं पाहिजे. ते फिरतच राहिलं तर प्लेट घसरते. प्लेट स्वतः फार महाग नाही, पण ती बदलायला ट्रॅक्टर मधोमध वेगळा करावा लागतो. मजुरी आणि चार दिवस त्यात जातात. म्हणून एकदा वेगळा केलाच तर प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकची मागची सील एकत्रच बदलून घ्यायची.

आता ते ठिबकणं. क्लच हाउसिंगच्या तळाशी एक भोक असतं. ऑइल तिथूनच येतंय का, हे आधी खाली कागद टाकून पक्कं करा. तिथून येत असेल तर थेंब बोटावर घ्या. काळा आणि पातळ असेल तर ते इंजिनचं ऑइल, म्हणजे क्रँकची मागची सील. मधाच्या रंगाचं, चिकट असेल तर गिअरबॉक्सच्या शाफ्टची सील. दोन्हीसाठी ट्रॅक्टर वेगळा करावाच लागतो. तेव्हा मालक 'फक्त सील बदलायचं आहे' म्हणतो ते अर्धंच खरं आहे. सील काही शेकड्यांची असते, काम काही हजारांचं. ते ऑइल क्लच प्लेटवर उडालं असेल तर प्लेटही घाला. हा सगळा खर्च मेस्त्रीकडून लिहून घेऊन मालकापुढे ठेवा. २ लाख ९० हजारांतून तेवढी रक्कम हक्काने कमी होते. भोकातून ऑइल येतच नसेल आणि तिथे बूच घट्ट बसवलेलं असेल, तर बूच काढून बघा. चिखलणीत पाणी आत जाऊ नये म्हणून ते बूच लावायचं असतं आणि कोरड्या हंगामात काढून ठेवायचं असतं. बारा महिने लावलेलं बूच गळती लपवतं.

ब्रेक लवकर उरकतात. डावा-उजवा स्वतंत्र दाबून ट्रॅक्टर त्या-त्या बाजूला वळतो का बघा, मग जोडून सरळ थांबतो का. भातासाठी ऑइलमधले ब्रेक बरे, कोरड्या डिस्कमध्ये चिखल-पाणी गेलं की पकड जाते. पुढचा एक्सल जॅकवर उचलून चाक वर-खाली आणि आडवं हलवा. मधली पिन, किंग पिन, हब बेअरिंग यांपैकी जे सैल असेल ते तिथेच खडखडतं. समुद्राकाठी होड्या ओढणारा ट्रॅक्टर असेल तर रिम आणि मडगार्डच्या आतल्या बाजूने गंज बघून परत फिरा.

मागचे टायर १२.४-२८ किंवा १३.६-२८ मापाचे असतील. जोडी बदलायची तर तीस-चाळीस हजार धरा. बाजूच्या भिंतीवरचा चार आकडी शिक्का वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. गुठळ्या उंच असूनही भिंतीला बारीक भेगा असतील तर टायर म्हातारा आहे, किंवा वरून रबर चढवलेलं आहे. रिमच्या व्हॉल्व्हभोवती गंज फुगला असेल तर आत पाणी भरून चालवला होता.

कागद आता. हे काम लोकलमध्ये बसूनही होतं. नंबर एमपरिवहन अ‍ॅपवर टाका, मालकाचं अर्धवट नाव, पासिंगची तारीख, विमा आणि हायपोथिकेशन (कर्जाचा बोजा) दिसतं. आरसी बुकावर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात येईपर्यंत सौदा झाला असं समजू नका. 'कर्ज फिटलंय, कागद नंतर देतो' यावर पैसे देऊन लोक वर्षानुवर्षं अडकतात. चासी नंबर आणि इंजिन नंबर प्लेटवरून नव्हे, लोखंडावर ठोकलेल्या जागेवरून वाचा आणि आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. माती असेल तर पुसून त्यावर खडू घासा, अंक उठून दिसतात. इंजिन बदललेलं असेल आणि आरसीवर नोंद नसेल तर ती नोंद विकणाऱ्याने आधी करून द्यावी. वाळू-मुरूम वाहतुकीत पकडलेल्या ट्रॅक्टरवर तहसील कार्यालयाचा दंड बाकी असू शकतो, त्याचीही चौकशी करा.

आरसी पंधरा वर्षांची असते. २०१३चा ट्रॅक्टर म्हणजे २०२८ ला नूतनीकरण. त्याला फॉर्म २५, तपासणी, आणि पुढे पाच-पाच वर्षांची मुदत. २०१६ वाल्याला २०३१ पर्यंत श्वास आहे. दोन्हींच्या किमतीतला फरक बघताना ही तीन वर्षं मोजा.

नावावर करताना विक्री कळवण्याचा फॉर्म २९ दोन प्रतींत आणि नावबदलाचा फॉर्म ३०. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. यार्डवाला म्हणेल, 'मालकाच्या सह्या घेऊन ठेवल्यात.' ऑनलाइन अर्जात ओटीपी मूळ मालकाच्या मोबाइलवर जातो, तेव्हा मालकाशी स्वतः बोला. मालक हयात नसेल तर आधी वारसाच्या नावावर, फॉर्म ३१ ने, मगच तुमच्या.

ट्रॅक्टर तुमच्या नावाने घेऊ नका, अण्णांच्या घ्या. तुमचा पत्ता भांडुपचा, म्हणजे वडाळ्याचं आरटीओ. ट्रॅक्टर राहणार माणगावात. अण्णांच्या नावाने, गावच्या पत्त्यावर घेतला की पेणच्या आरटीओत सगळं होतं, सातबारा आणि आठ-अ त्यांच्याच नावे असतात, आणि पुढे महाडीबीटीवर (सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर) रोटाव्हेटरसाठी अर्ज करताना ट्रॅक्टरचं आरसी लागतं तेही जुळतं. एमएच-१० वाला घेणारच असाल तर सांगलीची एनओसी कोण आणणार, हे पेणच्या कार्यालयात विचारून इसार पावतीत लिहून घ्या.

इसार द्यायचाच तर तपासणी झाल्यावर, पाच-दहा हजार, बँकेतून, आणि पावतीवर चासी नंबर, ठरलेली किंमत, मेस्त्रीने सांगितलेली दुरुस्ती कोणाकडे, आणि बोजा उतरला नाही तर इसार परत, ही चार वाक्यं. उरलेली रक्कम फॉर्मवर सह्या आणि कागद हातात आल्यावर. विम्याच्या बदलीसाठी चौदा दिवसांत अर्ज करा.

भावाबाबत एक गोष्ट ठणकावून सांगा. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूब आणि बऱ्याच सुट्या भागांवरचा १८ वरून ५ झाला. करापूर्वी साडेपाच लाखांचा नवा ट्रॅक्टर म्हणजे ३८,५०० रुपयांनी उतरला. त्याआधीच्या हिशेबाने कोणी जुन्याची किंमत सांगत असेल तर नव्याचं कोटेशन समोर धरा. आणि घाई नको असेल तर मे महिना टाळा, तेव्हा सगळ्यांनाच पावसाआधी हवा असतो. भातझोडणी उरकल्यावर डिसेंबर-जानेवारीत, किंवा पाडव्याला लोक जुना एक्स्चेंजला टाकतात तेव्हा जास्त ट्रॅक्टर बघायला मिळतात.

घरी आणल्यावर, मालक काहीही म्हणो, इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, दोन्ही डिझेल फिल्टर आणि गिअर-लिफ्टचं ऑइल बदला. तीन सिलिंडरच्या इंजिनात साधारण सहा ते आठ लिटर जातं, गिअरबॉक्सचं माप मॅन्युअलमध्ये बघा. चिखलणीच्या दिवसांत पुढच्या हबला आणि पिनांना रोज संध्याकाळी ग्रीस मारायचं, आतलं पाणी बाहेर ढकललं जाईपर्यंत. लावणी संपली की क्लच हाउसिंगचं बूच काढून ठेवायचं. चुलतभावाकडे हलक्या मोटार वाहनाचा परवाना असला तर ट्रॅक्टरला तो चालतो. ट्रॉली घेतलीत तर तिचं पासिंग वेगळं. मडगार्डवर कोणालाही बसवायचं नाही. आरसीवर आसन एकच असतं, पडलेल्या माणसाची भरपाई विमा कंपनी नाकारते. बांध चढायचा असेल तर सरळ, रिव्हर्स गिअर टाकून, आडवा कधीच नाही. जुन्या ट्रॅक्टरला वर संरक्षक दांडा नसतो, उलटला तर चालक खालीच सापडतो. उतारावर न्यूट्रल करायचा नाही. आणि पीटीओ फिरत असताना अण्णा लुंगीत जवळ येणार नाहीत, हे चुलतभावाकडून कबूल करून घ्या. पीटीओच्या शाफ्टवरचं झाकण नसेल तर पहिल्या चिखलणीआधी बसवून घ्या.